दंडारीचं लुगडं

मी अक्षरं पाटीवर शिकले नाही, भिंतीवर शिकले. कुरखेड्याजवळच्या गावातलं आमचं घर कुडाचं होतं, बांबूच्या तट्ट्यांचं, वरून शेणमातीनं लिंपलेलं. दर उन्हाळ्यात मातीला भेगा पडत आणि बाबा त्या भेगांवर खळीनं पत्रकं चिकटवत. बाबा गावचे मास्तर. जगात कुठेही सुधारणा निघाली की तिचं पत्रक टपालानं आमच्या घरी यायचंच. चुलीच्या वर ‘दारूने संसाराची राख’, रांजणाजवळ ‘पाणी उकळून प्या’, आणि माझ्या उशाशी, हातभर अंतरावर, ‘बंधुभगिनींनो, किती दिवस झोपणार?’ पहाटे डोळा उघडला की तो प्रश्न माझ्याकडे रागानं बघत असायचा. मायला वाचता येत नव्हतं. ती कागद जागेवरून ओळखायची. “सुमे, त्या दारूच्या कागदाखालचं मिठाचं मडकं आन व,” ती म्हणायची, आणि चुलीवर आयते घालत बसायची. तांदळाचं पीठ पातळ भिजवून तव्यावर ओतलं की चर्र असा आवाज होई, वाफ भिंतीला लागे, आणि दारूबंदीचा कागद दर वर्षी थोडा अधिक पिवळा पडे. आयते, लाखोरीचं वरण आणि जवसाची चटणी खात मी ते सगळे कागद पाठ केले. साधं बोलणं मला उशिरा आलं. ‘जाहीर निषेध’ मात्र सहाव्या वर्षी म्हणता येत होतं.

आणि आवाज होता ढोलकीचा. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत एकेक गाव आपापल्या दिवशी मंडई भरवतं. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, घरोघर वडे तळले जातात आणि भरदुपारी मैदानात दंडार होते. दंडार म्हणजे गावच्याच माणसांनी मोकळ्या जागेत ढोलकी-टाळांवर गाऊन, नाचून उभी केलेली गोष्ट. तिच्यातल्या बायकाही पुरुषच होतात. आमच्या गावातली बाई होता बकाराम. एरवी तो लोकांच्या घरांवरची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचा. पावसाळ्याआधी प्रत्येक छपरावर चढायचं, फुटलेली कवेलू काढायची, नवी बसवायची. दोन महिने तो गावाच्या डोक्यावर असे आणि छपराच्या सांदीतून खालच्या बायकांचं बोलणं ऐकत असे. कोणती सून सासूला उत्तर देताना मान कशी वळवते, कोण रडू गिळताना पदर कुठल्या हातात घेते, हे त्याला जितकं माहीत होतं तितकं त्या बायकांच्या नवऱ्यांना नव्हतं. मंडईच्या दिवशी तो ते सगळं मैदानात आणून ठेवायचा. बायका हसता हसता रडायच्या. पुरुष नुसते हसायचे.

एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. दंडारीतली बाई कोणा एका घरची नसते, गावाची असते, म्हणून तिला गावानं नेसवायचं. बकारामनं स्वतःच्या बायकोचं लुगडं नेसून नाचायचं नाही. मंडईच्या दोन दिवस आधी तो दारी येऊन लुगडं मागायचा आणि मंडईनंतर ते धुऊन, पदराला मूठभर नवे तांदूळ बांधून परत आणून द्यायचा. कोणी दिलंच नाही तर दंडार होत नाही, असं म्हातारे सांगत. पण तसं कधी झाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. उलट बायकांची चढाओढ लागे. “यंदा मायं लुगडं नाचलं,” असं त्या वर्षभर सांगत. तो पहिल्यांदा आमच्या दारी येई, कारण पदर खोचायला त्याला मायनं शिकवलं होतं. तिचं हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं, माहेराहून आलेलं. ते ती एरवी नेसत नसे. वर्षातून एकदा धुऊन, घडी घालून ती ते बकारामच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “काठ चिखलात नोको लोळवजो, बाबू.” लहानपणी मी त्या लुगड्यामागे मैदानभर फिरायची. माझी माय नाचते आहे असं मला वाटायचं, आणि ते खरंच होतं.

मग मला चांद्याला शिकायला ठेवलं. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. मामाच्या घरामागे एक नाटकाचा मांडव होता आणि माझी सतरा वर्षांची अक्कल त्या मांडवानं बिघडवली. पडदा होता, विजेचे दिवे होते, पेटीवाला रेशमी कुर्ता घालून बसे, सारंगीवाल्याला खास उशी. नटाच्या तोंडची भाषा पुस्तकातली होती. पहिल्या रांगेत वकील, डॉक्टर बसत, आणि गाणं आवडलं की मान हलवत, ओरडत नसत. मला वाटलं, हीच ती संस्कृती जिच्याबद्दल आमच्या भिंती बोलतात. त्यासमोर आमचं मैदान आठवून मला लाज वाटू लागली. ती धूळ, त्या शिट्ट्या, मिशा भादरलेला बकाराम आणि त्याच्या अंगावर माझ्या मायचं लुगडं! त्या लाजेचा मला आज जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. गरिबी माणसाला लाजवते हे मी पुढे अनेकदा लिहिलं. पण माझी लाज गरिबीची नव्हती, ती मान हलवणाऱ्या वकिलांकडून उसनी आणलेली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा भय्याजी आमच्या ओसरीवर बसलेले. भय्याजी म्हणजे जुन्या मालगुजारांचे, आमच्याकडच्या जमीनदारांचे, चिरंजीव. मालगुजारी गेली होती, रुबाब गेला नव्हता. त्यांना गावात संगीत नाटक मंडळ काढायचं होतं. नायक अर्थातच ते स्वतः. अडचण एकच, की गावात मोठी सपाट जागा म्हणजे मंडईचं मैदान, आणि मंडईचा मान दंडारीचा. “सुमित्राबाई,” ते मला म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला पूर्ण नावानं हाक मारली, “तुमच्यासारख्या शिकलेल्या मुलीनं गावाला जागं करायला पाहिजे.” बाबांची छाती फुगली. मी एका रात्रीत पत्रक लिहिलं. भय्याजींनी ते चांद्याहून छापून आणलं, पिवळ्या कागदावर. त्यांनी त्यात एक शब्दही घातला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे अनेकांनी मला सुचवलं की तुमच्या तोंडी शब्द घातले गेले असतील. नाही. सगळे शब्द माझे होते.

‘ग्रामबंधूंनो, जागे व्हा! भरदिवसा, आयाबहिणींच्या देखत, पुरुष लुगडे नेसून कंबर हलवतो आणि त्या लुगड्याची मालकीण कौतुकाने पाहते. हा गावाचा सण की गावाची विटंबना? धिक्कार असो या अज्ञानाचा!’ असं ते सुरू होत होतं. शेवटी मी ठळक अक्षरात एक ओळ टाकली होती, कारण माझ्या लाडक्या पत्रकांच्या शेवटी अशी ओळ असे: ‘यापुढे लुगडे देणाऱ्या घरांची नावे शाळेच्या फळ्यावर जाहीर करण्यात येतील.’ ती ओळ मला फार आवडली होती. भय्याजींच्या माणसांनी सबंध पत्रकातली तेवढी एक ओळ उचलली आणि घरोघर जाऊन पुरुषांना ऐकवली.

मंडईच्या दोन दिवस आधी बकाराम आला. सकाळची वेळ होती, माय उडदाचं पीठ घोटत होती. लुगडं तिनं आदल्या दिवशीच धुऊन दांडीवर घडी करून ठेवलेलं मी पाहिलं होतं. तो नेहमीसारखा ओसरीच्या कडेला टेकला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“सुमाबाई, तुमी कागद लिवला म्हंते मायावर.”

“तुमच्यावर नाही. रीतीवर लिहिला.”

“मंग त वाचाच. मायं नावच नसन त मले भेवाचं का काम?”

मी वाचलं. भिंतींनी घडवलेला आवाज माझा, खणखणीत होता. तो डोळे मिटून ऐकत होता आणि एक बोट गुडघ्यावरच्या टोपीवर हळूहळू वाजवत होता. संपल्यावर म्हणाला, “पुन्हा एकडाव.” मी पुन्हा वाचलं. मग त्यानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मला वाटलं, याला कळत नाहीये.

“बेस लिवलं,” तो शेवटी म्हणाला. “येक सांगू का? ‘विटंबना’ झाल्यावर जरासक थांबत जा. लोकायले दम घेऊ द्या. मंग ‘धिक्कार’ काहाडा. आता दोन्ही येकावर येक पडते, अन् दोन्ही वाया जाते.”

स्वयंपाकघरात मायच्या हातातला घोटणा थांबला, आणि ती हसली. मी तापले. बकाराम मात्र हसत नव्हता. तो तिच्याकडे वळला. “मास्तरीनबाई, लुगडं द्या. मायं पोट भरलं कागदानं, आंग उघडं आहे.”

बाबा घाईघाईनं पुढे आले. “बकाराम, यंदा राहू दे रे. पोरीच्या नावानं कागद फिरून राह्यला, अन् माह्याच घरून लुगडं गेलं त लोक का म्हंतीन?”

“लोक का म्हंतीन ते मी इचारून पाह्यतो ना गुर्जी, मंडईत. तुमी कायले तरास घेता?”

माय पिठाचे हात तसेच धरून दारात उभी होती. तिनं बाबांकडे पाहिलंच नाही. “सुमे,” ती म्हणाली, “का करू व?”

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दशः आठवतं, आणि आठवू नये अशी माझी फार इच्छा आहे. मी म्हणाले, “माय, छापलेलं खोटं ठरवायचं नसतं.” बकाराम उठला, टोपी झटकली, आणि जाताना वर बघून म्हणाला, “गुर्जी, आड्याजवळचे दोन कवेलू सरकले आहेत. पान्याआधी सांगजा कोनाले तरी.” ‘मला सांगा’ म्हणाला नाही. तो त्या दिवशी सगळ्या दारांना गेला, आणि सगळ्या दारांतून पुरुष बाहेर आले.

मंडईच्या दुपारी मला खुर्ची मिळाली. भय्याजींच्या शेजारी, मैदानाच्या तोंडाशी. त्या गावात तोवर कोणी मुलगी मंडईत खुर्चीवर बसली नव्हती. समोर पुरुषांची बाजू, पलीकडे बायकांची, मध्ये रिंगण. सगळ्यांना वाटलं होतं दंडार होणार नाही. पण ढोलकी वाजली, आणि बकाराम रिंगणात आला, रोजच्या धोतरात, रोजच्या बंडीत. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं डोक्यावर घेतला, एक पाऊल तिरकं टाकलं, आणि तिथे सून उभी राहिली. शपथेवर सांगते, धोतर दिसेनासं झालं. सून माहेरी जायला निघाली होती, सासूची परवानगी मागत होती. मग त्यानं दुपट्टा कमरेला गुंडाळला, ताठ झाला, बोट वर केलं, आणि सासू बोलू लागली: “जागे व्हा! भरदिवसा, आयाबहिणींच्या देखत...”

एकही शब्द चुकला नाही. तीनदा ऐकून त्यानं माझं पत्रक पाठ केलं होतं. माझा चांद्याहून आणलेला उच्चार होता, माझं वर केलेलं बोट होतं, हनुवटीही माझीच होती. ‘विटंबना’ म्हणून तो थांबला. ढोलकीही थांबली. लोकांनी दम घेतला. मग “धिक्कार!” आणि सगळं मैदान फुटलं. लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसत होते. मी लालबुंद झाले होते. पण हसण्याखालून मला आणखी काही ऐकू येत होतं. माझी वाक्यं सासूच्या तोंडात अगदी चपखल बसली होती. ती कुठेही ओढून आणलेली वाटत नव्हती. सुनेला घरात कोंडणाऱ्या सगळ्या बायका-पुरुषांची ती आधीपासूनचीच भाषा होती. मी फक्त छापून आणली होती.

मग दुपट्टा पुन्हा डोक्यावर गेला. सून हळू आवाजात म्हणाली, “जातो मी माहेरा. पन नेसाले नाई व बायांनो. कोनी देता का?” आणि ती बायकांच्या बाजूनं रिंगण फिरू लागली, दोन्ही हात पुढे करून. दारी जशी मागणी करतात तशी. हसू हळूहळू ओसरलं. बायका खाली बघत होत्या, समोरून नवरे त्यांच्याकडे बघत होते. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला मला माय दिसली. तिच्या मांडीवर गाठोडं होतं आणि गाठोड्यातून लाल काठ बाहेर आला होता. बाबा पलीकडच्या बाजूला बसले होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. फळ्यावर नावं लिहिण्याची धमकी माझी होती. ती मीच पुसू शकत होते. मला उठायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवायची होती. माय उठली असती, तिच्यामागून आणखी दहाजणी उठल्या असत्या.

त्याच वेळी भय्याजी माझ्या कानाशी वाकले. “बघा सुमित्राबाई,” ते म्हणाले, “तुमच्या लेखणीची ताकद.”

आणि मला ते आवडलं. लोक मला विचारतात, तुम्ही इतकं चिडून का लिहिता? त्यांना हे उत्तर देता येत नाही, म्हणून इथे देते. त्या क्षणी, मायचे डोळे माझ्यावर असताना, मला ते वाक्य आवडलं. मी बसून राहिले.

तिसरी फेरी पूर्ण करून बकाराम रिंगणाच्या मधोमध खाली बसला. पायातले घुंगरू सोडले आणि ढोलकीवाल्याच्या हातात दिले. “गाव नेसवत नाई,” तो म्हणाला. ते वाक्य गोष्टीतलं नव्हतं, आणि आवाजही सुनेचा नव्हता. “दंडार सरली.” लोक उठले, वड्यांच्या दुकानांकडे गेले. दहा मिनिटांत मैदान असं दिसत होतं की जणू तिथे काही झालंच नव्हतं.

संध्याकाळी माय चुलीपुढे बसली होती. पाहुण्यांसाठी भिजवलेलं पीठ होतं, ते टाकून देता येत नव्हतं, म्हणून ती आयते घालत होती. मी म्हणाले, “माय, मी चुकीचं लिहिलं.” तिनं तव्यावरून नजर काढली नाही. “लिवनं होऊन जाते व. तू पोरगी आहेस, लिवशीन अन् फाडशीन.” तिनं आयता उलटला. “तू उठली नाई.” त्यानंतर ती या विषयावर मरेपर्यंत बोलली नाही. मला वाटतं माझ्या सगळ्या लेखनावर झालेली ती एकच खरी टीका आहे.

आठ दिवसांनी त्याच मैदानात भय्याजींच्या मंडळाचं नाटक झालं. पेट्रोमॅक्स, पडदा, नागपूरची पेटी, सगळं होतं. दुसऱ्या अंकात नायिका आली. तो भय्याजींचा मावसभाऊ होता, तहसिलीत कारकून. गुळगुळीत दाढी केलेली, ओठ रंगवलेले, अंगावर भय्याजींच्या बायकोच्या पेटीतला रेशमी शालू. त्यानं कंबर हलवली. पुढच्या रांगेतल्या फॉरेस्टच्या साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, “वा! काय स्त्री-भूमिका!” मी उठले. भर नाटकात, खुर्चीवरून उठून मी ओरडले, “हा शालू कोणाचा? फळ्यावर नाव लिहा!” पेटी थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, “बस व खाली,” आणि भय्याजी पडद्याआडून हात जोडून म्हणाले, “मुलीची तब्येत बरी नाही.” बाबांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. मी उठले होते. आठ दिवस उशिरा, आणि बकारामसाठी नव्हे, स्वतःच्या अपमानासाठी. तोवर तो चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला होता. ज्यानं जन्मभर गावाच्या छपरावरून गाव पाहिलं, तो जमिनीखाली गेला. पुढे मी चांद्याला त्याला दोनदा शोधलं. सापडला नाही, आणि सापडला असता तर मी काय म्हणाले असते ते मला माहीत नाही.

आता मला महोत्सवांची बोलावणी येतात. ‘लोकधन वाचवा.’ पत्रक पाठवतात, गुळगुळीत कागदावर. मागे एकदा गेले. मुलांनी चकचकीत साड्या नेसून पाच मिनिटांत दंडार दाखवली आणि पाहुण्यांना शाल दिली. मी त्या मुलांना विचारलं, “लुगडी कोणाकडून मागून आणली?” ती एकमेकांकडे बघू लागली. “कमिटीनं दिली, मॅडम.” मी शाल तिथेच खुर्चीवर ठेवून आले. मला त्या मुलांचा राग आला नाही. ज्या लोकांनी एका दुपारी मैदानात बसून दंडार सरताना नुसतं पाहिलं आणि आज ज्यांची नातवंडं तीच वाचवायला निघाली आहेत, त्यांचा येतो. त्यांच्यात मी पहिली.

मंडईच्या दुसऱ्या दिवशी माय ते हिरवं लुगडं नेसून धान कापायला गेली. मी म्हणाले, “माय, ते तर ठेवणीतलं आहे.” “कोनासाठी ठेवू?” ती म्हणाली, आणि विळा घेऊन निघाली. ते तिनं रोज नेसलं, रोवण्याच्या चिखलातही नेसलं. दोन वर्षांत काठ गेला, मग अंग गेलं. शेवटी पदर तेवढा उरला, तो चुलीजवळ भांडी उतरवायचं फडकं झाला. सुट्टीत घरी गेले की भाताचं गंज मी त्याच फडक्यानं उतरवायची. ते फार विरलं होतं. हात भाजायचा.